काल आलेली फाइल

अरे ऐका ना, आपल्या उरणच्या रुचिकाला ऑनलाइन पहिलंच काम मिळालं! ऑडिओ ऐकायचा आणि त्यातला प्रत्येक आवाज टाइप करायचा. रेटिंग चांगलं पडलं तरच पुढची कामं.

काल आलेली फाइल ती आज दुपारी ऐकत होती. नुसती मचमच, मध्येच बोटं चाटणं. शी! तरी बिचारी टाइप करत राहिली.

शेवटी फाइलमध्ये चक्क तिची आई ओरडली, "रुचिके, सुकत घातलेला जवला कोनी खाल्ला गो?"

तिने हेडफोन ओरबाडून काढला. तेवढ्यात अंगणातून आई ओरडली, "रुचिके, सुकत घातलेला जवला कोनी खाल्ला गो?"

हेडफोन काढला तरी मचमच थांबलीच नव्हती. रुचिकाच्या दातांखाली जवल्याची बारीक सुकी कोळंबी आणि खारट वाळू करकरत होती.