पिवळी शिट्टी

"काका, शिट्टी आत नेता येणार नाही," सिस्टर म्हणाल्या.

थिएटरच्या दाराशी ट्रॉलीवर पडलेल्या म्हाताऱ्या शिंप्याने मूठ आणखी घट्ट केली. मुठीत पिवळी प्लास्टिकची शिट्टी होती, पोरांच्या खेळण्यातली, चौपदरी काळ्या दोऱ्यात ओवलेली.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई घाईत होत्या. पित्ताशयाचे खडे काढायचे, तासाभराचं काम. मागे आणखी दोन पेशंट रांगेत. तरी त्या थांबल्या. "शिट्टी कशाला हो काका?"

"आवाज बसला तर असावी म्हणून. दोन वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलं. घशात नळी घातली होती. पुढे आठ दिवस आवाज फुटला नाही."

"घसा थोडा दुखतोच. दोन दिवसांत जातो." हे वाक्य बाई सत्तावीस वर्षं म्हणत आल्या होत्या, या-बसा म्हणावं इतक्या सहज.

"बायकोला दिसत नाही माझ्या," शिंपी म्हणाला. "घरात ती माझ्या आवाजावर चालते. खुर्ची आहे, वळ, आता पायरी, असं मी सांगत असतो. त्या वेळी वाटेत स्टूल राहिलं होतं. मी खाटेवरून बघतोय, ती येतेय. तोंड उघडलं, तर नुसती हवा. टाळी वाजवावी, काहीतरी फेकावं, तेही सुचलं नाही मेलं. खुबा मोडला तिचा." "माझ्याच घशासाठी कोमट पाणी आणत होती हो."

बाईंना राग आला. कोण हा आडदांड हाताचा, ज्याने एवढ्याशा ऑपरेशनात माणसाचा घसा सोलून काढला? जुनी फाइल मागवली होती, ती अजून आली नव्हती.

"कुणी दिली होती भूल?"

शिंप्याने छताकडे पाहिलं. "झालं ते झालं, मॅडम," म्हणाला, आणि शिट्टी सिस्टरच्या हातात दिली.

आत भूल चढली. बाईंनी नेहमीपेक्षा बारीक नळी निवडली आणि अलगद श्वासनलिकेत सरकवली. नळीच्या टोकाला फुगा असतो. तो आत फुगवला की हवा बाजूने गळत नाही; पण जास्त फुगला तर घसा आतून चेपतो. किती फुगलाय ते बाहेर लोंबणाऱ्या छोट्या फुग्यावरून कळतं. बाईंनी तो दोन बोटांत दाबला. बोटं म्हणाली, बरोबर. बाईंची बोटं साऱ्या हॉस्पिटलात नावाजलेली होती. नवे डॉक्टर ती बघायला यायचे.

पण आज हात फुग्यावरून निघेना.

"सिस्टर, तो दाब मोजायचा मीटर आहे ना आपल्याकडे?"

सिस्टरने तो शोधून आणला. वर्षभरापूर्वी आलेला मीटर कपाटात तसाच पडून होता. त्याचं प्लास्टिकही कुणी फाडलं नव्हतं.

"सुरू करू का?" सर्जनने विचारलं.

"दोन मिनिटं."

बाईंनी मीटर बाहेरच्या छोट्या फुग्याला जोडला. काटा तिसापर्यंत असला तर चालतो. तो बहात्तरावर जाऊन थांबला.

"बिघडलेला दिसतोय," सिस्टर पुटपुटल्या.

बाईंनी हवा सोडली. पुन्हा भरली, पुन्हा बोटांनी दाबून पाहिली. बोटं म्हणाली, बरोबर. काटा म्हणाला, अडुसष्ट. मग त्यांनी काट्याकडे बघत पंचविसावर हवा आणली आणि फुगा चाचपला. बोटांना तो अगदी ढिला लागला. आत मात्र हवेचा एक कणही गळत नव्हता.

मीटर बिघडलेला नव्हता. सत्तावीस वर्षं! किती घसे असतील, देव जाणे. त्यांनी मीटर हातातून ठेवलाच नाही. दर पंधरा मिनिटांनी काटा बघत राहिल्या.

संध्याकाळी ड्युटी संपली तरी त्या वॉर्डात शिंप्याच्या खाटेशी बसून होत्या. तो जागा होता, पण अजून एक शब्द बोलला नव्हता. बाईंनाही विचारायचा धीर होत नव्हता. तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. त्याची बायको आली होती, लंगडत, एक हात पुढे धरून. वाटेत फरशी पुसणाऱ्या मावशींची बादली होती. बाई उठणार, इतक्यात मागून आवाज आला.

"थांब गं. पुढे बादली आहे. डावीकडून ये."

आवाज किंचित जड होता, पण स्वच्छ होता. म्हातारी थांबली. हसली. डावीकडून वळून सरळ खाटेपाशी आली आणि नवऱ्याचा हात चाचपून धरला.

बाईंचा जीव भांड्यात पडला, पण तिथे राहिला नाही. सकाळचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला.

"काका, मागच्या वेळी भूल कुणी दिली होती?"

शिंप्याने उशीखाली हात घातला. सिस्टरने परत दिलेली शिट्टी काढून बाईंच्या तळहातावर ठेवली.

"तुम्हीच होतात, मॅडम," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर ही आणली होती."