रिकाम्या महिन्यांचे पैसे

राजव्वानं पाकीट उघडून पाहिलं नाही. समोर बसलेल्या माणसाला एवढंच विचारलं, "वरच्या खोल्यांत ठेवणार काय तुम्ही?"

खोकी, तो म्हणाला. कसली, ते तिच्या धाकट्या भावानं, कोमुरय्यानं, आधीच कानात सांगितलं होतं. चौकातल्या दुकानाची दारू. भाडं दुप्पट, सहा महिन्यांचं आगाऊ.

माडीवरचे मास्तर बदली होऊन हनमकोंड्याला गेले, त्याला दोन महिने झाले होते. राजव्वाचं घर मात्र अडलं नव्हतं. नवऱ्याच्या फंडातून बांधलेल्या त्या खोल्यांचं पहिलं भाडं आलं तेव्हाच तिनं ठरवून टाकलं होतं: निम्म्यात घर चालवायचं, थोडं डागडुजीला आणि उरलेलं पोस्टात, जागा रिकामी पडेल त्या महिन्यांसाठी. पाच वर्षं तिनं त्या पैशांना हात लावला नाही. कोमुरय्यानं त्याच्या मुलीच्या लग्नाला मागितले, तेव्हाही नाही. तो महिनाभर बोलला नव्हता.

"मला घाई नाही," असं म्हणून तिनं पाकीट परत केलं.

तो माणूस गेल्यावर कोमुरय्या तणतणला, "अक्का, दारात आलेली लक्ष्मी परतवून लावलीस."

"लक्ष्मी खोक्यातून येते होय रे?"

तो चहा न पिताच उठून गेला.

तिसऱ्या दिवशी एक नर्स जागा बघायला आली. शैलजा तिचं नाव. सामान म्हणजे एक पेटी, एक गादी. खोल्या तिला आवडल्या, पण ती जिना उतरेना. चार घरांनी नाही म्हटलंय, ती म्हणाली. एकटी बाई, त्यात रात्रपाळी. आणि आगाऊ रक्कम पगार झाल्याशिवाय जमायची नाही.

राजव्वानं मनातल्या मनात हिशेब केला. पोस्टात अजून बऱ्याच महिन्यांपुरते होते.

"पुढच्या महिन्यापासून दे," ती म्हणाली. "हा महिना रिकामाच धरला होता मी."

शैलजानं पदरानं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाली, "नवरा कुठे असतो, ते नाही विचारलंत?"

"रात्रपाळीहून आलीस की अंघोळीला पाणी किती लागेल, तेवढं सांग," राजव्वा म्हणाली. "पहाटे मोटर मलाच लावायची असते."