कुंकवाचा हात

"मॅडम, कितीही घासलं तरी हा पंजा पुन्हा उमटतो," विमानाच्या पोटाखाली उभी असलेली इंजिनिअर सादिया म्हणाली.

रेवती भोयरने मान वर करून तो पंजा पाहिला. नवं विमान कारखान्याबाहेर काढताना त्याला ओल्या कुंकवाचा हात लावायची इथली रीत होती. या विमानाच्या वेळी तो मान तिच्या नवऱ्याला, नितेशला मिळाला होता, आणि हौसेच्या भरात त्याने विमानावर चढवलेलं कवच पुरतं वाळायच्या आधीच हात दाबला. स्वतःच्या जखमा स्वतः भरून काढणाऱ्या त्या कवचाला ती खोलगट खूण आपलं मूळ अंगच वाटली; घासली की ते ती पुन्हा घडवी.

या कवचामुळे विमानं म्हातारी होईनात, म्हणून नवी कुणी घेईना. विक्रीप्रमुख रेवती गिऱ्हाइकांचे उंबरठे झिजवून थकली होती. त्यातच नितेश गेला.

"विमानाचे मालक म्हणतात, तेवढा तुकडा कापून नवा बसवा," सादिया हळूच म्हणाली. "एवढ्याशा तुकड्याची का होईना, यंदाची आपली पहिलीच ऑर्डर आहे, मॅडम."

रेवतीने त्या पंजात आपला हात ठेवला. तिच्या बोटांभोवती जागा उरली.

"कळव त्यांना," ती म्हणाली, "जे आपलं आपण भरून येतं, ते आम्ही कापत नाही."