लवकर उरकलेला सण

माझा कॅन्सर हाडांत उतरलाय, फार तर महिना काढेन, असं डॉक्टर म्हणाले आणि मुलांनी दोन महिने आधीच सण उरकून घेतला. थोरला विमानाने आला, लेक नातवंडांना घेऊन आली. खिडकीला दिव्यांची माळ लागली, फोटो निघाले, सगळे मला बिलगून रडले. मग माळ खोक्यात गेली आणि माणसं आपापल्या घरी. मी मात्र मेले नाही. आता खरा सण आठवड्यावर आलाय. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या उजळल्यात. मला स्टुलावर चढवत नाही, म्हणून माळ मांडीवरच लावून थोरल्याला फोन केला. “येतोस ना रे?” “अगं आई, आपला सण झाला की! आता चारच दिवस रजा उरलीय, ती राखून ठेवलीय.” “कशासाठी?” “लागेल गं पुढे,” तो घाईघाईने म्हणाला. “बरं बाळा,” मी म्हटलं, “तारीख नक्की झाली की कळवते.”