झोपणारा बँड

आमची सून भारी हट्टी. हे गेल्यावर बजावलं होतं, ह्यांच्या ट्रंपेटला हात लावायचा नाही. तरी न्हाणीत चोरून फुंकायची.

वरात चौकात आली की आमच्या बँडनं वाजवत वाजवत रस्त्यावर झोपायचं आणि ह्यांनी ट्रंपेट फुंकून सगळ्यांना उठवायचं. त्या सोंगासाठीच लोक सुपारी द्यायचे.

ह्यांच्यानंतरच्या पहिल्या वरातीत सवयीनं सगळे आडवे झालो आणि मग ध्यानात आलं, उठवणारा कुठाय? छातीवर झांजा घेऊन मी आभाळ बघत राहिले. नवरदेवाचा घोडासुद्धा गप्प. वाटलं, झोपलो ते कायमचेच.

तेवढ्यात मागून ट्रंपेट वाजलं. कुणी अलगद पांघरूण ओढावं तसा सूर अंगावरून गेला. ढोलवाला उठला, क्लॅरिनेटवाला उठला, शेवटी मी.

“अखेरचा सूर घसरला,” मी सुनेला म्हटलं. “उद्यापासून ह्यांच्या जागी तू चालायचंस. पदर खोचून!”