गोजराबाई येईपर्यंत

बंधाऱ्यावर दोन माणसे उभी होती आणि दोघांचेही डोळे पलीकडच्या काठावरल्या पायवाटेला लागले होते. दुपारचे तीन वाजले असतील; पण आभाळ इतके खाली आले होते, की उजेडालाही वाकूनच यावे लागत होते.

पाणी चौथ्या फळीला लागले, तेव्हा ओव्हरसिअर उकंडरावांनी विचारले, "अजून किती वेळ?"

"गोजरा येईन तवर," शालिग्राम म्हणाला.

शालिग्राम फळ्यांवरचा माणूस. माळावरून उतरणारा नाला या बंधाऱ्यापाशी येई. सागवानी फळ्या खाचांत बसलेल्या असल्या, की पाणी पेठेतल्या दगडी नालीकडे वळे आणि गावाबाहेर नदीला मिळे. नालीला ते पेलवेनासे झाले, की फळ्या उचलायच्या. मग सारा लोंढा खालपुऱ्यावर सुटे. तिथे चाळीस घरे होती. सर्वांत खालचे घर शालिग्रामचे. फळ्यांवरच्या माणसाने तिथेच राहावे, असा जुना रिवाज होता.

त्या रिवाजाचा दुसरा अर्धा भाग त्याच्या बायकोकडे होता. पाणी चढले, की गोजराबाईने दारोदार जाऊन खालपुरा रिकामा करायचा. ती दार वाजवेपर्यंत तिथले कोणी हलत नसे. लोक मागल्या बाजूने माळावरच्या देवळाकडे जात. त्यांचे हे जाणे बंधाऱ्यावरून दिसत नसे. सर्वांच्या शेवटी ती पलीकडच्या काठावर येऊन बाभळीखाली उभी राही. पाण्याच्या गर्जनेत हाक पोचत नाही. म्हणून ती दिसली, की खाली कोणी उरले नाही असे समजायचे. सत्तावन्न सालचा हा श्रावण धरून वीस पावसाळे झाले. तिची एकदाही चूक झाली नव्हती.

उकंडरावांना या गावी येऊन चारच महिने झाले होते. पेठेतल्या भाड्याच्या खोलीत त्यांची बायको पंचफुला पाच दिवसांची बाळंतीण होती. अंगात ताप, हलवायची सोय नव्हती. पाण्याचा प्रत्येक फुत्कार त्यांना त्या खोलीच्या उंबऱ्याशी ऐकू येत होता.

चपराशी लखीराम चिखल तुडवत धावत आला.

"सायेब, पेठेत मांडीभर पानी झालं! बाईसायबाची बाज आमी इटायवर चढवली. आता इटा बी बुडून राह्यल्या."

"आणि बाळ?"

"सुईन रुपाबाईनं वर फडताळात ठेवलं. मजेत झोपून हाय थे." तो शालिग्रामकडे वळला. "काय गा, तुयी राणी पावडर लावून राह्यली का?"

"बकऱ्या मोजत असन," शालिग्राम म्हणाला. "मांगच्या साली एक मांजर राह्यलं म्हून परत गेल्ती थे."

"मांजरापायी गाव बुडवते का?"

शालिग्राम हसला नाही. चार दिवस तो बंधाऱ्यावरच्या खोपीत होता. पावसाच्या झडीत फळ्या सोडून घरी जायची त्याला मुभा नव्हती. त्याने पहारीवरचा हात काढला आणि पुन्हा ठेवला.

"सायेब, लई येळ झाला. लखीरामले खाली पाठवा. एवढा उशीर थे करत नाही."

खाली जाऊन यायला अर्धा तास. अर्ध्या तासात बाजेचे काय होईल, याचा हिशेब उकंडरावांचे मन करू धजेना. त्यांनी ओठ आवळले. मग लखीरामकडे पाहून मान हलवली. "जा. पळत जा."

लखीरामने धोतर खोचले, आणि तेवढ्यात थांबला.

"थे पाहा! आली!"

आसेगावची गाडीवाट पायवाटेला मिळते, त्या वळणावर हिरवे लुगडे दिसले. डोक्यावर गाठोडे, पदर दातांत. ती धापा टाकत चढली, बाभळीखाली आली आणि तिने हात उंच केला.

"थांबा सायेब," शालिग्राम म्हणाला. "थे हात काहून वर करून राह्यली?"

"आली ना ती? उचल!"

"पन—"

"एक शब्द नको!"

उकंडरावांनी स्वतःच पहार धरली. लखीरामने दुसरे टोक पकडले. क्षणभर शालिग्राम नुसता पाहत राहिला. मग वीस वर्षांची सवय त्याच्या हातांत उतरली. पहिली फळी किंचाळत निघाली. दुसरी. तिसरी. नाल्याने मान वळवली आणि काळ्या अंगाचा तो प्रचंड जीव खालपुऱ्याच्या उतारावर झेपावला.

पेठेकडची धार हळूहळू बारीक झाली. लखीराम दगडावर बसून हसू लागला. उकंडरावांच्या डोळ्यांतले पाणी पावसात मिसळले, हे बरेच झाले.

गोजराबाई नाल्यावरच्या लाकडी साकवावरून धावत अलीकडे आली. तिने गाठोडे कधी टाकले, कोणी पाहिले नाही.

"बाई," उकंडराव हात जोडून म्हणाले, "तुमचे उपकार जन्मात फिटणार नाहीत. खाली कोणी राहिलं नाही ना?"

ती मोकळ्या खाचांकडे पाहत होती.

"मले काय पुसता? मी तं आसेगावहून येऊन राह्यली. माय पडली म्हून परवा गेल्ती. नाला पाह्यला अन् पयत आली, हात केला, का थांबा म्हून." तिने नवऱ्याचा दंड धरला. "मी घरी नोती, तं लोकाईले काढलं कोनं?"

उकंडरावांनी शालिग्रामकडे पाहिले.

"शालिग्राम, खाली किती माणसं असतील?"

शालिग्रामने बायकोचा हात दंडावरून हळूच सोडवला आणि पाणी गेले होते त्या बाजूला, उतारावरून तो चालू लागला.