कानशिलावरचे केस

राइझान चित्रकाराने पहिला छाप खिडकीपाशी धरला आणि नाक कागदाला टेकेल इतका वाकून पाहत राहिला. चित्रातला योद्धा गुडघ्यांवर आला होता. खांद्यात तीन बाण, दातांत स्वतःच्याच झेंड्याची चिंधी. ते सगळं त्याने काढलेलं होतं. कानशिलावरचे केस मात्र त्याचे नव्हते.

"मोहेइ, मी हे असे काढले नव्हते. माझे वाऱ्यावर उडत होते."

"मूळ चित्र आता कुठून दाखवू, गुरुजी?" ठसे कोरणारा मोहेइ म्हणाला. "फळीवर पालथं चिकटवलं, कोरता कोरता त्याचा भुसा झाला."

"भांडायला नाही आलो. माझ्यापेक्षा चांगले आलेत, म्हणून विचारतोय. तूच बघ."

त्याने कागद होता तसाच पुढे केला. मोहेइने तो डोळ्यांपाशी नेला, मग लांब धरला, मान डोलावली. "चेहऱ्यावर तेज आलंय."

कागद उलटा होता.

चहा ओतता ओतता मोहेइची बायको ओतोसे थांबली. प्रकाशकाच्या कानावर हे गेलं, की वीरांची उरलेली सात चित्रं दुसऱ्या कोरणाऱ्याकडे जाणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"केस कुणी कोरले?" राइझानने तिलाच विचारलं.

"मी. वीस वर्षं ह्यांच्या सुऱ्यांना धार लावतेय. नुसती धारच लावत बसले असेन का?"

"हात कसा तयार झाला ते कळलं गं. पण घामाने केस कानशिलाला असे चिकटतात, हे कुठून कळलं? लढाई पाहिलीस कधी?"

"लढाई कशाला हवी? गेल्या हिवाळ्यात ह्यांना ताप चढला. अकरा दिवस कपाळ पुसत होते. एका सकाळी वाटलं, संपलं. तेव्हा असेच दिसत होते. ताप गेला, तो डोळे घेऊनच गेला."

"इतका देखणा दिसत होतो?" मोहेइने विचारलं.

"छे. केस तेवढे."

राइझान मोठ्याने हसला. गाठोड्यातून त्याने पुढचं चित्र काढलं. घोड्यासकट तळ्यात उतरलेला म्हातारा सरदार. शिरस्त्राण पडलेलं, केस मोकळे. त्याने थोडी खळ मागितली, कोऱ्या कागदाचा तुकडा फाडला आणि सरदाराच्या केसांवर नीट चिकटवून टाकला.

"काय केलं गं त्यांनी?" मोहेइने विचारलं.

ओतोसे त्या ओल्या पांढऱ्या तुकड्याकडे पाहत होती.

"जागा सोडलीये," ती म्हणाली.